फ्रेंच आर्मचेअरची जोडी: खरंच अठराव्या शतकातली आहे का, आणि गादीकाम कसं करावं?

रानजाई

बैठकीच्या खोलीसाठी दोन जुन्या फ्रेंच आर्मचेअर घेतल्या आहेत. कागदावर 'पंधराव्या लुईच्या शैलीतील बर्जेर, जोडी' असं लिहिलंय. विकणारा तोंडी मात्र 'अठराव्या शतकातल्या' असंच म्हणत होता.

मापं: उंची ८८ सेंमी, पुढची रुंदी ६३ सेंमी. बैठकीची उंची एकीची ४३ आणि दुसरीची ४१ सेंमी. पाय वळणदार, पाठीच्या माथ्यावर आणि बैठकीच्या पुढच्या पट्टीवर छोटी फुलं कोरलेली. हाताखालची बाजू मोकळी आहे, वर फक्त कोपर टेकायला लहानशी गादी. लाकडावर गडद पॉलिश. कापड अलीकडचं आणि फाटलेलं. एका खुर्चीची बैठक मध्ये खचली आहे, पुढच्या कडेला गाठी लागतात. दुसरीचा उजवा हात हलतो आणि मागच्या पायाला बारीक गोल भोकं आहेत.

प्रश्न असे: काळ कसा ओळखायचा? आतलं सगळं काढून फोम भरला तर चालेल का? कापड किती लागेल? आणि पॉलिश काढून फिकट राखाडी रंग द्यायचा विचार आहे, तो करावा का?

पटाशी

कागदावर जे लिहिलंय तेच धरा, तोंडी बोललेलं सोडून द्या. फ्रान्समध्ये जुन्या वस्तूंच्या विक्रीला ३ मार्च १९८१ चा सरकारी आदेश लागू आहे. वस्तूच्या नावापुढे नुसता काळ लिहिला, तर ती त्या काळात घडलेली आहे याची हमी विकणाऱ्यावर येते. 'शैलीतील' लिहिलं की अशी हमी राहत नाही. काही भाग नंतर बदललेला असेल तर तेही घेणाऱ्याला सांगावं लागतं. तुमच्या विकणाऱ्याने लेखी हमी दिलेलीच नाही.

दुसरं म्हणजे या बर्जेर नाहीत. बर्जेरच्या हाताखालची बाजूही गादीने बंद असते आणि बैठकीवर सुटी उशी असते. हात मोकळे असतील तर तो फोतय. त्यातही पाठ सपाट असेल तर 'आ ला रेन', आणि पाठीला आतून खोलगट बाक असेल तर 'काब्रिओले'. ८८ सेंमी उंची पाहता तुमच्या बहुतेक काब्रिओले निघतील. हा फरक कापडाच्या हिशोबात थेट येतो, म्हणून आत्ताच सांगतोय.

काळ मात्र समोरून कळत नाही. वळणदार पाय, फुलं, पुढच्या पायाच्या रेषेपासून मागे सरकवलेले हात ही सगळी पंधराव्या लुईच्या काळातली लक्षणं आहेत. हात मागे घेतले ते बायकांच्या रुंद घेराच्या झग्यांना जागा मिळावी म्हणून. पण एकोणिसाव्या शतकात हे सगळं जसंच्या तसं पुन्हा घडवलं गेलं, आणि उत्तम घडवलं गेलं. खुर्ची उलटी करा, खालचं काळं कापड सोडवा आणि एवढं बघून सांगा:

बैठकीच्या पट्ट्यांच्या आतल्या बाजूला करवतीच्या खुणा सरळ आहेत की कमानीसारख्या? सांध्यात लाकडी खुंट्या आहेत का, त्या अगदी गोल आहेत की थोड्या कोनदार? नवारीच्या पट्ट्या चौकटीच्या वरून ठोकल्या आहेत की खालून? आत स्प्रिंग आहेत का? कोपऱ्यात स्क्रूने बसवलेले ठोकळे आहेत का? मागच्या किंवा पुढच्या पट्टीखाली ठसा आहे का? आणि ४१ सेंमीच्या खुर्चीचे पाय खाली कुठे संपतात? पायाच्या टोकाला कोरलेल्या गुंडाळीखाली छोटा ठोकळा आहे की गुंडाळीच अर्धी कापलेली दिसते?

रानजाई

दोन्ही उलट्या करून पाहिल्या. करवतीच्या खुणा कमानीसारख्या. खुंट्या अगदी गोल आणि पृष्ठभागाशी सपाट. नवार खालून, आत प्रत्येकी पाच स्प्रिंग. चारही कोपऱ्यांत स्क्रूने बसवलेले ठोकळे. एकीच्या मागच्या पट्टीखाली रोमन अक्षरांत 'जी. जाकोब' असा ठसा आहे, पहिलं अक्षर जी आणि आडनाव 'जे' ने सुरू होणारं. ठशाच्या आतलं लाकूड फिकट आणि स्वच्छ, भोवती पॉलिश. बुटक्या खुर्चीच्या पायांखाली ठोकळा नाही, दुसरीला आहे.

पटाशी

मग चित्र बऱ्यापैकी स्पष्ट झालं. या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या किंवा विसाव्याच्या सुरुवातीच्या, पंधराव्या लुईच्या शैलीत घडवलेल्या खुर्च्या आहेत.

कमानीसारख्या खुणा गोल पात्याच्या यंत्रकरवतीच्या. हातकरवतीच्या खुणा सरळ आणि थोड्या असमान येतात. जुन्या कामात खाचेत कुसू (दुसऱ्या लाकडाचं निमुळतं केलेलं टोक) बसवून वरून हाताने तासलेली खुंटी ठोकत. ती पूर्ण गोल नसते, आणि भोवतीचं लाकूड दोनशे वर्षांत आक्रसल्यामुळे ती बोटाला किंचित वर आलेली लागते. तुमच्या खुंट्या यंत्रावरच्या गोल दांड्याच्या आहेत. बैठकीत स्प्रिंग घालायची पद्धत एकोणिसाव्या शतकातली. त्याआधी नवार चौकटीच्या वर ठोकत आणि तिच्यावर थेट घोड्याचे केस भरत. नुसत्या स्प्रिंग दिसल्या असत्या तर जुन्या चौकटीत नंतर घातल्या असं मानता आलं असतं, पण बाकीचे पुरावेही त्याच दिशेने जातात.

ठशाबद्दल थोडं सविस्तर. पॅरिसच्या सुतार संघाने कारागिराच्या नावाचा ठसा सक्तीचा केला तो १७४३ च्या नियमांनी. ते नियम १७५१ मध्ये नोंदले गेले आणि १७९१ मध्ये संघच रद्द झाले. राजघराण्याचं काम करणारे आणि सवलतीच्या वस्त्यांतले (जिथे संघाचे नियम चालत नसत) कारागीर या सक्तीतून सुटलेले होते, म्हणून ठसा नसणं हा दोष नाही. आणि ठसा असणं हा पुरावाही नाही. पॅरिसचा नामांकित खुर्ची-कारागीर जॉर्ज जाकोब १७६५ मध्ये संघाचा उस्ताद झाला आणि त्याच्या ठशात आडनाव रोमन 'आय' ने सुरू होतं. 'जे' ने सुरू होणारे ठसे पुढच्या पिढीच्या कारखान्याचे, १७९६ पासूनचे, आणि त्यांत 'बंधू' किंवा रस्त्याचं नावही असतं. नुसता 'जी. जाकोब', तोही पॉलिशनंतर मारलेला आणि आत ताजं लाकूड दाखवणारा, असा ठसा कुणीतरी नंतर ठोकलेला आहे. या धंद्यात बनावट किती वरपर्यंत पोचते याचा अंदाज हवा असेल तर एवढं पुरे: व्हर्सायच्या राजवाड्याने स्वतः घेतलेल्या अठराव्या शतकातल्या म्हणवणाऱ्या खुर्च्यांचं प्रकरण २०१६ मध्ये उघडकीला आलं.

पुढे कधी अशी खुर्ची तपासायची वेळ आली तर किडीच्या भोकांकडेही बघा. भुंगेरा लाकडातून बाहेर पडताना गोल भोक पाडतो, त्याचं भुयार आत असतं. पृष्ठभागावर लांबट, उघडं पडलेलं नाळीसारखं भुयार दिसलं तर ते लाकूड कीड लागून गेल्यावर पुन्हा कापलंय. म्हणजे जुन्या लाकडातून नवी वस्तू बनवली, किंवा तेवढा तुकडा बदलला. आणि कापड ठोकायच्या पट्टीवरची चुकांची (म्हणजे चपट्या डोक्याच्या छोट्या खिळ्यांची) भोकं बघा. अडीचशे वर्षांत कापड अनेकदा बदलतं, त्यामुळे खऱ्या जुन्या पट्टीची कड चाळणी झालेली असते. एकच नीटस ओळ दिसली तर शंका घ्या.

बुटक्या खुर्चीचे पाय झिजून किंवा ओल लागून खालून कापले गेलेत. २ सेंमीचे ठोकळे त्याच जातीच्या लाकडाचे करून सरसाने लावता येतील, रेषा दुसऱ्या खुर्चीशी जुळवून. चारही पायांना, फक्त पुढच्या दोघांना नाही, नाहीतर बैठकीचा उतार बिघडेल.

माझ्या मते यात निराश होण्यासारखं काही नाही. या काळातल्या चौकटी जाड आणि मजबूत असतात, रोज बसायला अठराव्या शतकातल्या नाजूक चौकटींपेक्षा निर्धास्त. फक्त त्यांना अठराव्या शतकातल्या म्हणून विम्यात किंवा विक्रीत दाखवू नका.

दाभण-सुतळी

गादीकामाचं मी सांगते. स्प्रिंग असलेली चौकट आहे, तर स्प्रिंगचीच बैठक परत करा. मापं तिच्यासाठीच ठरवलेली आहेत. स्प्रिंग काढून सपाट फोम टाकला तर बैठक खाली जाते, हात उंच वाटतात आणि बसणाऱ्याचे खांदे वर ओढले जातात.

आधी उसकटायचं काम. थर काढाल तसे फोटो घ्या आणि प्रत्येक तुकडा जपून ठेवा, तोच पुढे बेतायला उपयोगी पडतो. बोथट पटाशी चुकेच्या डोक्याखाली घालून लाकडी मोगरीने ठोकायची, नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने आणि कोपऱ्यापासून मध्याकडे. आडवं ठोकलं की बीच जातीच्या लाकडाच्या पट्टीचा कपचा निघतो, आणि नेमकं कोरीवकामालगतच असं होतं. नाकातोंडावर चांगला मास्क हवाच, जुन्या भरावातली धूळ वाईट असते.

घोड्याचे केस निघाले तर टाकू नका. कोमट साबणपाण्यात धुवून, सावलीत पूर्ण वाळवून, हाताने पिंजून घेतले की पुन्हा नव्यासारखे उसळतात. केसांऐवजी ताडाच्या पानांचा धागाही निघू शकतो, त्या काळात पहिल्या भरावात तो सर्रास वापरत. त्याचा चुरा होत नसेल तर पहिल्या थराला तोही चालतो. कसर लागलेली दिसली तर मात्र तो भराव वेगळा बांधून ठेवा, इतर केसांत मिसळू नका.

पट्टीवरची भोकं सरस आणि बारीक लाकूडभुसा कालवून बुजवा, वर सरसात बुडवलेली सुती किंवा लिननची पट्टी चिकटवा. हे न करता नव्या चुका ठोकल्या तर त्या धरत नाहीत. मग माणूस मोठी चूक घेतो आणि पट्टी फुटते. नवारीला १३ मिमीच्या चुका, किंतानाला आणि मांजरपाटाला १० मिमीच्या पुरतात.

नवार तागाची, ५ ते ८ सेंमी रुंद. एका बैठकीला ६ ते ७ मीटर. पुढून मागे आणि डावीउजवीकडे एकमेकींत विणायची. चौकटीच्या खालून, कारण वर स्प्रिंगला जागा हवी. ताणायला ताणपट्टी (नवार ताणायचं लाकडी हत्यार) वापरा, नुसत्या हाताने पुरेसा ताण येत नाही. टोक आधी एकेरी ठोका, मग २.५ सेंमी दुमडून आधीच्या चुकांच्या मधल्या जागांत पुन्हा ठोका. सैल नवार हेच तुमच्या खचलेल्या बैठकीचं पहिलं कारण असणार.

स्प्रिंग पाचच ठेवा, चार कोपऱ्यांकडे आणि एक मध्ये. जुन्या सरळ उभ्या राहत असतील आणि गंजलेल्या नसतील तर त्याच वापरा. एखादी कलंडत असेल तर पाचही बदला, वेगवेगळ्या ताकदीच्या स्प्रिंग शेजारी ठेवल्या की बैठक एका बाजूला झुकते. प्रत्येक स्प्रिंग नवारीला तीन-चार ठिकाणी दाभणाने शिवायची. मग जाड सुतळीने बांधणी: पुढे-मागे, आडवी आणि दोन्ही तिरप्या दिशांना, म्हणजे प्रत्येक स्प्रिंग आठ बाजूंनी धरलेली. बांधताना ३ ते ५ सेंमी दाबायची, मधली किंचित उंच ठेवायची म्हणजे घुमट येतो. सुतळी कडीला नुसती गुंडाळू नका, प्रत्येक कडीवर गाठ मारा. गाठ नसेल तर एक धागा तुटला की सगळी ओळ सुटते.

त्यावर जाड किंतान ताणून ठोका आणि स्प्रिंगच्या वरच्या कड्यांना शिवा. मग सैल टाक्यांचे फेरे घाला, प्रत्येकाखाली हात सरकेल एवढे सैल. या फेऱ्यांखाली केस कोंबायचे, नाहीतर ते बसता बसता सरकतात. पहिला थर साधारण १ ते १.५ किलो. कडेला जास्त आणि घट्ट. वर विरळ किंतान, मग खरं काम: कडेची शिवण.

तुमच्या पुढच्या कडेच्या गाठी इथूनच येतात. कडेची शिवण तुटली की भराव आत सरकतो, मग मागच्या कारागिराने वरून काहीतरी कोंबलेलं असतं. दुतोंडी दाभणाने आधी एक किंवा दोन ओळी आंधळ्या टाक्यांच्या घाला. या टाक्यात दाभण पूर्ण बाहेर काढायचं नाही, आतल्या आत वळवून परत आणायचं, म्हणजे केस कडेकडे ओढले जातात. शेवटी वरची ओळ, जी कडेचा गोल वळवा धरते. टाक्यांत २ ते २.५ सेंमी अंतर. प्रत्येक ओळीआधी सरळ टोचणीने केस कडेकडे सारत राहा. पंधराव्या लुईच्या शैलीत कड मऊ आणि बैठक थोडी घुमटाकार हवी. धारदार चौकोनी कड ही सोळाव्या लुईच्या शैलीतली, ती या वळणदार चौकटीवर परकी दिसते.

दुसरा थर चांगल्या केसांचा, ३०० ते ५०० ग्रॅम. त्यावर मांजरपाट घट्ट ओढून ठोका. मग कापसाचा पातळ थर, नाहीतर केस कापडातून टोचत बाहेर येतात. मग कापड. मांजरपाट ओढल्यावर जो आकार दिसेल तोच शेवटचा आकार. वरचं कापड ओढून काहीही सुधारत नाही, म्हणून मांजरपाटावर समाधान होईपर्यंत थांबा.

पाठीला स्प्रिंग घालू नका, हलका एकच थर पुरतो. आणि एक सापळा: काही काब्रिओले चौकटींत पाठीमागचं कापड समोरूनच, सगळ्यात आधी बसवावं लागतं, सुलट बाजू मागे करून. त्यावर नवार आणि भराव येतो. चौकटीची खाच फक्त आतल्या बाजूला असेल तर तुमची तशी आहे. हे विसरून पाठ भरली तर पुन्हा सगळी उसकटावी लागते.

कडीपाट

दाभण-सुतळी यांचं काम नेटकंच आहे, पण दोन खुर्च्यांना कडेच्या शिवणीपर्यंत जायला नवख्याला खूप वेळ आणि सराव लागतो. चौकट अठराव्या शतकातली नाही हे ठरलंच आहे, मग स्प्रिंगवर किंतान आणि त्यावर ४ सेंमी चांगला फोम असं का करू नये?

दाभण-सुतळी

कडीपाट, चौकट शंभर वर्षांची आहे हेही धरा ना. फोमला विरोध म्हणून नाही, पण तो या खुर्चीत काय करतो ते सांगते. फोमला कड नसते, त्यामुळे कापड कोपऱ्यावर खोक्यासारखं बसतं आणि वळणदार पट्टीची रेषा झाकली जाते. पॉलियुरेथेन फोम काही वर्षांत पिवळा पडून भुगा होतो. केसांचा भराव उसकटून पुन्हा वापरता येतो, फोमचा भुगा फेकावा लागतो. आणि फोमवाले बहुधा स्टेपल मारतात. स्टेपल काढताना बीचचे तंतू उपटून येतात, त्या पट्टीत पुढच्या माणसाला चूक ठोकायला जागा उरत नाही.

तरीही वेळेची अडचण असेल तर मधला मार्ग असा. पहिला थर आणि कडेची शिवण केसांचीच करा. फक्त दुसऱ्या थराच्या जागी ३५ किलो प्रति घनमीटर किंवा जास्त घनतेचा, २ ते ३ सेंमी फोम ठेवा, कडेला तिरपा कापून. वर मांजरपाट. आकार शिवणीने धरलेला राहतो, फोम फक्त मऊपणा देतो. पाठीला आणि कोपराच्या गादीला मात्र फोम नको, तिथे भराव इतका पातळ असतो की फोमची कड लगेच उमटते.

ताणाबाणा

कापडाचा हिशोब. १४० सेंमी पन्ह्याचं साधं कापड एका काब्रिओलेला १.५ मीटर, दोन खुर्च्यांना ३ मीटर. हीच खरी बर्जेर असती तर एकीलाच जवळपास ३ मीटर लागलं असतं, कारण हातांच्या आतल्या-बाहेरच्या बाजू आणि उशीच्या दोन्ही बाजू वाढतात.

नक्षी असेल तर तिचा फेर, म्हणजे तीच नक्षी पुन्हा येईपर्यंतचं अंतर, बघा. फेर ६० सेंमीचा असेल आणि प्रत्येक पाठीवर व प्रत्येक बैठकीवर फूल मध्यावर आणायचं असेल, तर बेत आधी कागदावर काढा. चार मोठे तुकडे चार फेर खातात, कोपराच्या गाद्या उरलेल्या तुकड्यांतून निघतात. पाठीवरच्या फुलाचा मध्य मोजून काढलेल्या मध्याच्या किंचित वर ठेवा, खालचा भाग बैठकीच्या भरावाने झाकला जातो. पट्ट्यांचं कापड घेतलंत तर पाठ, बैठक आणि पुढची पट्टी एकाच रेषेत यायला हवी. काब्रिओलेच्या बाकामुळे कडेच्या पट्ट्या आत झुकतात आणि ते टाळता येत नाही, म्हणून या चौकटीला मी पट्ट्या सुचवणार नाही. लहान विखुरलेली नक्षी किंवा दमास्क (विणीतच नक्षी असलेलं कापड) उत्तम.

मखमल घेतली तर लव पाठीवर वरून खाली, बैठकीवर मागून पुढे. दोन खुर्च्यांत एक तुकडा जरी उलटा लागला तरी उजेडात दोन वेगळे रंग दिसतात. रोज बसणार असाल तर मार्टिंडेल चाचणीत (कापड घासून झीज मोजतात ती) २०,००० च्या आसपास किंवा वर टिकणारं कापड बघा. शुद्ध रेशमी लांपा (नक्षी विणलेलं भारी कापड) फार देखणं, पण खिडकीजवळच्या खुर्चीला देऊ नका, उन्हाने रेशमाचे धागे तडकतात आणि ते परत जोडता येत नाहीत.

कडेला गोट लावणार असाल तर १२ ते १५ मिमी रुंदीचा, एका खुर्चीला ७ मीटर. कापडाच्या गोंदाने लावा आणि कोपऱ्यांवर वाकड्या सुईने दोन टाके घाला. गरम बंदुकीचा गोंद नको, तो कडक होऊन उचकटतो आणि लाकडाला चिकटून राहतो. पितळी घुमटी खिळे हवे असतील तर ११ मिमीचे एकमेकांना भिडवून मीटरला ९० लागतात. पण या पट्ट्यांत आधीच भोकं आहेत हे लक्षात घेता गोटच बरा.

वर्ख

हात हलतोय त्याचं आणि पॉलिशचं माझ्याकडून.

हाताचा सांधा भराव काढल्यावरच उघडा. लोखंडी कोनपट्टी मारू नका, हलणाऱ्या सांध्याला कोनपट्टी लावली की जोर तिच्या स्क्रूवर येतो आणि लाकूड उभं फुटतं. खुंटी मागून पुढे हलकेच बाहेर काढा. जुना सरस धरून बसला असेल तर सांध्यात स्पिरिट सोडा, त्याने सरस ठिसूळ होतो आणि हलक्या ठोक्यात सुटतो. मात्र स्पिरिट पॉलिशवर सांडू देऊ नका, लाखेचं पॉलिश त्यात विरघळतं. कुसवावरचा सरस कोमट पाण्याच्या फडक्याने पुसा. घासकागद लावू नका, कुसू बारीक झालं की सांधा कायमचा सैल. आधीच सैल असेल तर लाकडाची पातळ सालपटं कुसवाला चिकटवून जाडी भरून काढा.

चिकटवायला सरसच. रात्रभर पाण्यात भिजवून दुहेरी भांड्यात ६० ते ६५ अंशांवर तापवायचा, उकळला की त्याची पकड जाते. पांढरा गोंद किंवा इपॉक्सी वापरलंत तर पुढची दुरुस्ती सांधा तोडल्याशिवाय होणार नाही. वळणदार हाताला सरळ शिकंजा धरत नाही, पट्ट्याचा शिकंजा किंवा दोरी गुंडाळून पीळ द्या, खाली फडकं ठेवा. २४ तास हात लावू नका. त्याआधी खुर्ची सपाट जमिनीवर चारही पायांवर टेकते का तेही बघून घ्या, सुकल्यावर सुधारता येत नाही.

मागच्या पायातली भोकं १ ते २ मिमीची असतील तर फर्निचरच्या भुंगेऱ्याची. आधी कीड जिवंत आहे का ते ठरवा: पायाखाली काळा कागद ठेवा आणि उबदार दिवसांत रोज बघा. फिकट ताजी भुकटी पडली तर जिवंत. भराव काढलेला असतानाच पर्मेथ्रिनचं औषध प्रत्येक भोकात सुईने सोडा आणि रंग-पॉलिश नसलेल्या पृष्ठभागांवर ब्रशने लावा. पूर्ण वाळल्याशिवाय नवं काहीही भरू नका, औषधाचा डाग कापडात उतरतो. पाय सुईने टोचून बघा. सुई सहज आत गेली तर नुसतं औषध पुरणार नाही, आत राळ मुरवून लाकूड घट्ट करावं लागेल किंवा तेवढा भाग बदलावा लागेल. मागच्या पायावर माणसाचा सगळा भार मागे रेलताना येतो.

रंगाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: गडद पॉलिश एकदम काढू नका. आधी बैठकीच्या पट्टीच्या आतल्या, न दिसणाऱ्या जागी नखाएवढा चौकोन हळूहळू खरवडून थर बघा. बीचच्या चौकटी बहुधा मुळात रंगवलेल्या किंवा वर्खाच्या असतात, अक्रोडाच्या नुसत्या मेणाच्या. खाली जुना राखाडी किंवा पांढुरका थर सापडला तर तोच उघडा करण्यासारखा आहे, वरून नवा रंग द्यायची गरजच नाही. खाली काहीच नसेल आणि लाकूड बीचचं असेल तर राखाडी रंग शोभेल, पण पातळ दोन हातांनी. जाड रंगाने कोरलेली फुलं बुजतात.

कॉस्टिक सोड्याच्या टाकीत बुडवून रंग काढणाऱ्यांकडे मुळीच देऊ नका. सांध्यांतला सरस विरघळतो, बीच राखट होऊन त्याचे तंतू उभे राहतात. आणि खरवडताना कुठे सोनेरी चमक दिसली तर पाणी लावू नका. पाण्याने चढवलेला सोन्याचा वर्ख ओल्या फडक्याने पुसला जातो. खरा वर्ख असेल तर पानांचे सुमारे ८ सेंमीचे चौकोन एकमेकांवर आलेले दिसतात. ब्रॉन्झ पावडरचा रंग असेल तर तो तपकिरी पडलेला असतो आणि असे जोड दिसत नाहीत.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. फोम पूर्ण बाद, केसांवरच करते. शेवटचा प्रश्न क्रमाचा: रंग आधी की गादीकाम आधी? आणि मांजरपाट लावल्यावर मध्ये किती दिवस थांबलेलं चालतं?

पटाशी

उसकटणं, कीड, सांधे, पायाचे ठोकळे, पट्टीवरची भोकं, मग रंग किंवा मेण, आणि त्यानंतर नवार. ओल्या सरसावर नवार ताणू नका, ताणाने सांधा पुन्हा उघडतो. रंग पूर्ण कडक व्हायला वेळ द्या, नाहीतर गोटाचा गोंद काढताना रंगही निघेल. कोपऱ्यातले स्क्रूचे ठोकळे तसेच राहू द्या, तुमच्या चौकटीचे ते मूळचेच असण्याची शक्यता आहे.

दाभण-सुतळी

मांजरपाटावर हवे तितके दिवस थांबा, उलट त्यावर दोन-तीन आठवडे बसूनच बघा. केस बसतात, स्प्रिंगची गाठ कुठे सैल असेल तर कुरकुर ऐकू येते, आणि मांजरपाट सोडवून दुरुस्त करणं सोपं असतं. थोडा सैल झाला तर पुढची बाजू सोडवून १ सेंमी ओढा. त्यानंतरच कापड कापायला घ्या, आणि दोन्ही खुर्च्यांचे तुकडे एकाच वेळी, एकाच थानातून कापा.